चाळीस फुटांवरचे काका

अंदमानला जाऊन आलेला मराठी माणूस पूर्वी सेल्युलर जेलबद्दल बोलायचा. कोलू, कोठडी, सावरकर, संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. सांगणाऱ्याचा आवाज जड व्हायचा आणि ऐकणारा चहा गार करायचा. जेल अजूनही पहिल्याच दिवशी बघतात, रडायचं ते रडतात; पण दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉकची बोट असते, आणि परत येतो तो वेगळाच माणूस. त्याला आपण स्कूबाकाका म्हणू. हल्ली प्रत्येक सोसायटीत असा एक तरी असतो. डिसेंबर २०१८ मध्ये त्या बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं. काका देशाबद्दल बोलत असले की स्वराज द्वीप म्हणतात, स्कूबाबद्दल बोलत असले की हॅवलॉक.

वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. बँकेतून निवृत्त, भरघोस मिशी, रक्तदाबाची रोज एक गोळी. यात्रा कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘स्कूबा (ऐच्छिक, खर्च वेगळा)’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. खर्च वेगळा म्हटल्यावर काका एरवी दोन पावलं मागे सरतात. पण शेजारच्या खोलीतले नागपूरचे साहेब ‘आपण तर करणार बुवा’ म्हणाले, आणि विषय संपला.

आधी एक फॉर्म भरावा लागतो. दमा? नाही. हृदयविकार? नाही. रक्तदाब? काकांनी काकूंकडे पाहिलं आणि ‘नाही’वर खूण केली. गोळी चालू आहे म्हणजे रक्तदाब नाहीच, हा त्यांचा बँकेतला हिशेब. हप्ते वेळेवर येत असले तर कर्ज बुडीत धरत नाहीत. पोहता येतं का, या रकान्यापाशी ते जरा अडखळले. पण पहिल्यांदा नुसती चव घ्यायला खाली उतरणाऱ्याला पोहणं यावंच लागतं असं नाही, हे कळल्यावर त्यांनी तिथे मोठ्या अक्षरात ‘एन. ए.’ लिहिलं.

मग वेटसूट. तो अंगाला घट्ट बसावाच लागतो, कारण आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उबेने कोमट होऊन तिथेच राहावं अशी ती योजना. काकांनी वीस मिनिटं झगडून तो अंगात घातला, तेव्हा त्याची झिप पुढे आली होती. ती पाठीकडे असते. पुन्हा काढा, पुन्हा घाला. दुसऱ्या फेरीला काकू एका बाजूने आणि नागपूरचे साहेब दुसऱ्या बाजूने ओढत होते. काकांनी श्वास आत घेतला आणि झिप वर गेली. तो श्वास त्यांनी थेट पाण्यातून वर आल्यावर सोडला, असं काकू सांगतात. त्यात तथ्य नसावं, कारण स्कूबाचा पहिला नियमच श्वास रोखायचा नाही हा. वर येताना दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते, आणि कोंडून धरली तर फुप्फुस फाटू शकतं.

त्यांना खाली नेणारा इन्स्ट्रक्टर मायाबंदरकडचा कारेन पोरगा होता. १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून आणून वसवलेल्या लोकांची ही पुढची पिढी, आणि समुद्र म्हणजे त्यांचं अंगण. त्याने काकांना मास्कच्या काचेवर आतून थुंकायला सांगितलं. थुंकी चोळून विसळली की काचेवर धुकं धरत नाही. घरी बेसिनमध्ये खाकरलं तरी बोलणी खाणारा हा माणूस, परवानगी मिळाल्यावर जरा जास्तच थुंकला. पण मास्कमध्ये पाणी शिरतच राहिलं. कारण मिशी. नाकाखालची रबरी कड केसांवर नीट बसत नाही. पोऱ्याने अदबीने व्हॅसलीनची डबी पुढे केली. ‘काढून टाका ना मेली,’ काकू किनाऱ्यावरून ओरडल्या. त्यांची ही मागणी लग्नापासूनची आहे.

प्रत्यक्ष पाण्याखाली काय झालं, याचा एक व्हिडिओ आहे. तो सोसायटीतल्या सगळ्यांनी पाहिला आहे, काहींनी कोजागिरीला प्रोजेक्टरवर. काका हातपाय पसरून तरंगताहेत. आजूबाजूला मासे. काकांची नजर माशांवर नाही, कॅमेऱ्यावर. पाठीमागून टाकीची मूठ धरून तो पोरगा त्यांना हवं तिकडे वळवतो आहे, पण व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोत तो कापलेला आहे; कडेला फक्त चार बोटं राहिली आहेत. आणि काका सतत अंगठा वर दाखवताहेत. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘झकास’ नव्हे, ‘मला वर घेऊन चला’. झकास सांगायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करतात. पोरगा इमानदारीने त्यांना वर नेऊ लागतो, काका जोरजोरात मान हलवतात, तो पुन्हा खाली आणतो, काका खूश होऊन पुन्हा अंगठा दाखवतात. सी विंगमधल्या एका मुलीकडे डायव्हिंगचं रीतसर कार्ड आहे. ती हे बघताना ओढणी तोंडात कोंबून बसली होती.

खोलीचं म्हणाल तर विमानतळावर उतरले तेव्हा काका वीस फूट गेले होते. गणपतीत तीस. दिवाळीच्या फराळाला चाळीस, आणि चाळिसावर थांबले, कारण अशा पहिल्याच डाइव्हला १२ मीटरच्या खाली नेतच नाहीत हे त्या मुलीने सहज बोलल्यासारखं सांगितलं. ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ मात्र त्यांनी सोडलेला नाही. टाकीत असते साधी हवा, दोनशेच्या आसपास बार दाबाने कोंबलेली. काकांच्या गोष्टीतल्या टाकीत खरोखर निव्वळ ऑक्सिजन असता, तर चाळीस फुटांवर झटके येऊन गोष्ट तिथेच संपू शकली असती.

विज्ञान ते सोयीपुरतं घेतात. डाइव्हनंतर रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो, म्हणून निदान बारा, बहुतेक जण अठरा तास म्हणतात, विमानात बसायचं नाही. हे काकांना फार आवडलं. परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात काकूंनी पापड वाळत घालायला गच्चीवर पाठवलं, तर ‘एवढ्यात उंचीवर जाणं बरं नव्हे’ म्हणाले. प्रवाळ रंगीत नव्हते, अशी लेखी तक्रारही त्यांनी यात्रा कंपनीकडे केली आहे, माहितीपत्रक जोडून. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, त्यामुळे काही मीटरवर सगळं निळं-करडं दिसतं. शिवाय २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून अंदमानचे प्रवाळ पांढरे पडले, त्यातले पुष्कळ मेले. यात यात्रा कंपनी काय परतावा देणार?

खरी गंमत काकूंची. त्यांनी एलिफंट बीचवर लाइफ जॅकेट घालून, रबरी कडं धरून नुसतं स्नॉर्केलिंग केलं, म्हणजे काकांच्या मते पोरखेळ. पण त्या अर्धा तास तोंड पाण्यात घालून गप पडून राहिल्या आणि त्यांना पोपटमासा दिसला. दिसला काय, ऐकू आला. तो चोचीने खडक खरवडतो त्याचा कर्रकर्र आवाज येतो. भिशीत त्यांनी सांगितलं, ‘अगं, तो प्रवाळ खातो आणि वाळू हगतो. बेटांवरची ती पांढरीशुभ्र वाळू आहे ना, त्यातली बरीचशी त्याचीच. आणि हे राधानगरच्या किनाऱ्यावर त्या वाळूत लोळून फोटो काढत होते.’ तेव्हापासून भिशीत अंदमानचं नाव निघालं की काकूंनाच विचारतात.

काका त्याने खचणारे नाहीत. स्कूबासाठी मालवण त्यांना आता चालत नाही (‘व्हिजिबिलिटी नाही हो’), गोव्याच्या ग्रँड आयलंडला ते नुसतं हसतात, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला ‘ठीक’ म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपचे स्नॉर्केलिंगचे फोटो आले, त्या संध्याकाळपासून स्नॉर्केलिंग हा पोरखेळ राहिलेला नाही. लक्षद्वीपला परवाना लागतो, ही त्यातली सगळ्यात आकर्षक बाब. कुणाही सोम्यागोम्याला जाता येत नाही.

परवा रविवारी नात सोसायटीच्या तलावात डुंबत होती. ‘आजोबा, या ना!’ काका शिडीचा दांडा घट्ट धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. ‘आजोबा, चारच फूट आहे!’

‘सिलिंडरशिवाय?’ काका म्हणाले.