सध्या काय करता?

मराठी घरात चांगल्या पगाराची नोकरी सोडणाऱ्या माणसाबद्दल तीनच तर्क करता येतात. त्याला काढलं असेल, काही आजार निघाला असेल, किंवा बाहेर भानगड असेल. चौथं कारण कुणाला सुचत नाही आणि आपण सांगितलं तर पटत नाही. मी हिंजवडीतली डिलिव्हरी मॅनेजरकी सोडून सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल झालो, तेव्हा मावशीने फोनवर आवाज खाली आणून विचारलं, "काढलं का रे?" नाही म्हटल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. ती म्हणाली, "मग दाखवलंस का कुणाला?"

मेहुण्याचा तर्क वेगळा. मी गुपचूप स्टार्टअप काढतोय आणि वाचनालय हे नुसतं निमित्त आहे, अशी त्याची खात्री आहे. तो अधूनमधून डोळा बारीक करून विचारतो, "काय भावजी, फंडिंग कधी?" मी सांगतो, "अनुदान मार्चअखेर येतं." त्याचं समाधान होतं. सासऱ्यांचं मात्र खरोखरच नुकसान झालं. रोज सकाळी त्यांच्याबरोबर टेकडी चढणाऱ्या मंडळींत ‘जावई आयटीत’ हे नाणं त्यांनी बरीच वर्षं खणखणीत वाजवलं होतं. हल्ली ते ‘जावई मॅनेजमेंटमध्ये’ एवढंच म्हणतात. कशाच्या, ते सांगत नाहीत.

आता त्या नोकरीविषयी. छळ, पिळवणूक असलं काही नव्हतं. असतं तर सांगायला बरं पडलं असतं. एसी होता, कॉफी फुकट होती, पगार वेळेआधी जमा व्हायचा. काम असं होतं : परदेशातल्या एका विमा कंपनीचे ग्राहक नुकसानभरपाई मागायला अर्ज भरत. अर्जातला एक रकाना चुकला की अर्ज परत जाई. तो रकाना पडद्यावर नेमका कुठे असावा, यावर माझ्या हाताखाली चाळीस माणसं राबत होती. वर्षभर खपून आम्ही तो डावीकडून उजवीकडे नेला. टीमला बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी तिकडे नवा साहेब आला आणि रकाना परत डावीकडे आणायचं काम निघालं. त्यालाही बक्षीस मिळालं. वडिलांनी एकदा मला समोर बसवून विचारलं होतं, "तू नक्की करतोस काय?" मी सगळं समजावून सांगितलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "बसून असतं ना? मग चांगलं आहे."

राजीनामा ऑनलाइन द्यायचा असतो. कारण निवडायला यादी उघडते : उच्च शिक्षण, विवाह, स्थलांतर, प्रकृती, अधिक चांगली संधी. ‘कंटाळा’ नाही. मी ‘इतर’ निवडलं, तर किमान पन्नास अक्षरांत खुलासा करा म्हणाले. ‘वाचनालयात काम करायचं आहे’ ही पन्नास भरेनात, म्हणून पुढे ‘तरी कृपया समजून घ्यावे, ही नम्र विनंती’ असं जोडलं. मग एचआरच्या मुलीने बोलावून घेतलं. बिचारी चांगली होती. "सर, कुठे जॉइन करताय?" मी म्हटलं, "लायब्ररीत." ती म्हणाली, "हो सर, पण कुठली? पायथॉनची?"

या सगळ्यामागे मोठं आत्मचिंतन वगैरे असावं, असा समज ज्यांनी दयाळूपणे करून घेतला आहे, त्यांना एक बारीक तपशील सांगायला हवा. बायको बँकेत आहे. तिची बदली या गावच्या शाखेत झाली आणि अर्थपूर्ण आयुष्याची ओढ मला नेमकी त्याच महिन्यात लागली. घराचं कर्ज त्याआधीच फिटलं होतं. गावातल्या वाचनालयाला ग्रंथपाल मिळत नव्हता, कारण त्या पगारात कुणी टिकत नव्हतं. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा लागला. वर्गात मी सगळ्यांत मोठा होतो. पहिल्या दिवशी मुलं मला बघून उठून उभी राहिली.

सासऱ्यांची समजूत घालण्यासाठी मी थोर माणसांचे दाखले दिले. म्हटलं, डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाची चालती प्रॅक्टिस सोडली आणि १९६९ साली पूर्णवेळ नाटकात आले. सासरे म्हणाले, "जावईबापू, ते तुम्हाला लागू नाही." मग मी आणखी मागे गेलो. गोपाळ कृष्ण गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले, ते ७५ रुपये पगारावर २० वर्षं शिकवण्याचं वचन देऊन. सासरे सरकारी खात्यात हिशेब तपासून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "तेव्हाचे पंचाहत्तर सोन्याच्या भावात मोजा आणि तुमच्या पगाराशेजारी ठेवून बघा." मी मोजून बघितलं. गोखल्यांचं बरं चाललं होतं.

आगरकरांनी एम.ए.च्या सुमारास आईला पत्र लिहून, मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा ठेवू नकोस, असं कळवलं. हे आपल्याला शाळेत शिकवतात. आईचं उत्तर काय आलं, ते शिकवत नाहीत. माझ्या आईचं उत्तर मला माहीत आहे. तिने ते पत्राने न पाठवता प्रत्यक्ष येऊन दिलं आणि चार दिवस राहून दिलं.

माझा लाडका दाखला मी सासऱ्यांसमोर काढतच नाही. तो आहे एस. आर. रंगनाथन यांचा, म्हणजे आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राच्या जनकाचा. गृहस्थ मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, ते पुस्तकांच्या ओढीने नव्हे, तर त्या जागेचा पगार जास्त होता म्हणून. ग्रंथपालाचा पगार, प्राध्यापकापेक्षा जास्त! हे मी दोन पुस्तकांत ताडून बघितलं. तिथली रिकामी शांतता त्यांना सोसेना. थोड्याच दिवसांत, मला परत गणिताकडे जाऊ द्या म्हणून ते विनवायला लागले. तोड अशी निघाली की आधी लंडनला जाऊन हा विषय शिकून यावा, तरीही नकोच वाटलं तर जुनी जागा आहेच. ते गेले, शिकले, परत आले आणि पुढे सुमारे २० वर्षं तिथेच राहिले. थोडक्यात, माणूस पैशासाठी आला, कंटाळला आणि मग त्याला काम आवडलं. आवड आधी आणि काम मागून, असला आग्रह त्यांनी धरला नाही. मला हे फार दिलाशाचं वाटतं, पण ‘पगार जास्त होता’ हा भाग सासऱ्यांच्या कानावर जाऊन चालणार नाही.

१९३१ साली रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा सांगतो की वाचकाचा वेळ वाचवावा. आमचे वाचक वेळ घालवायला येतात. सकाळी आठला मी कुलूप काढतो, तेव्हा पाच-सहा ज्येष्ठ नागरिक पायरीवर बसलेले असतात. पेपर कुणी आधी घ्यायचा, हे ठरलेलं आहे. पुरवणी ही पेपरचा भाग धरायची की स्वतंत्र, यावर मात्र माझ्या आधीच्या दोन ग्रंथपालांच्या काळापासून वाद आहे. त्यांच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक लाल पेन घेऊन बसतात आणि बातम्यांतलं शुद्धलेखन सुधारतात. त्यांच्यानंतर ज्याच्या हातात पेपर जातो, त्याला बातमी दिसत नाही. ‘पेपरवर काही लिहू नये’ अशी पाटी मी भिंतीवर लावली. दुसऱ्या दिवशी पाटीतला माझा एक ऱ्हस्व लाल पेनाने दीर्घ केलेला होता. बरोबर केलेला होता.

वर्गीकरणाचं खूळ मी अभ्यासक्रमातूनच घेऊन आलो होतो. अमेरिकेतल्या ड्युईने १८७६ साली जगातली सगळी विद्या दशांशांत बसवली. साहित्याला आठशेची ओळ दिली. त्यात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच वगैरे मंडळींना ऐसपैस जागा दिली आणि उरलेलं सगळं जग ८९० मध्ये कोंबलं. मराठी साहित्य त्या गर्दीत ८९१.४६ वर उभं आहे. मी उत्साहाने पुस्तकांच्या पाठींवर आकडे चिकटवायला घेतले. आमच्याकडे कथा-कादंबऱ्याच जास्त, त्यामुळे चार कपाटं संपली तरी ८९१.४६ संपेना. आमचे शिपाईमामा तीस वर्षं इथेच आहेत. त्यांनी काही दिवस हा प्रकार बघितला आणि म्हणाले, "सायेब, सगळ्यांस्नी एकच नंबर देताय, मग हुडकायचं कसं?" मामांची स्वतःची पद्धत आहे. तुम्ही नाव सांगा, ते रंग सांगतात. "निळ्या पुठ्ठ्याचं? चौथं कपाट, खालची फळी, उंदराच्या पिंजऱ्याच्या मागं." पुस्तक तिथे असतं. उंदीरही कधीकधी असतो.

दुपारी वर्दळ नसते, तेव्हा मामा आणि मी पुस्तकं दुरुस्त करतो. मैद्याची खळ शिजवायची, तीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं. खळ हिरवट-निळी होते. सुटलेले जुज सरळ करून शिवायचे, पाठीला कापडाची पट्टी लावायची आणि वर दगड ठेवून पुस्तक दाबून ठेवायचं. हे करताना वाचकांनी करून ठेवलेल्या खुणा दिसतात. पुस्तक वाचलंय की नाही हे नंतर लक्षात राहत नाही, म्हणून जुने सभासद आपापलं एक पान ठरवून घेतात. कुणी ४१व्या पानाच्या आकड्याला गोल करतं, कुणी ७०व्यावर फुली मारतं. एका बाईंनी एकाच कादंबरीत फुलीशेजारी पुन्हा फुली आणि त्याखाली ‘परत आणली!’ असं लिहिलं आहे. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी बारीक अक्षरात फक्त ‘डॉक्टर’ असं लिहून ठेवलंय. मामा खोडरबर घेऊन बसतात, तरी ते पुरतं जात नाही. रकाना इकडून तिकडे नेण्याच्या काळात संध्याकाळी हाताला काही लागलेलं नसायचं. आता खळ लागलेली असते आणि ती जेवायच्या आत निघत नाही.

म्हणजे सगळं साजूक आहे असं कुणी समजू नये. एक्सेल इथेही आहे. तपासणीला निरीक्षक येतात, तेव्हा दाखल नोंदवही, देवघेवीची नोंदवही, किर्द, सगळं जुळावं लागतं. बैठका तर तिकडच्यापेक्षा कडक. कंपनीत मी कोटींचं बजेट दहा मिनिटांत मंजूर होताना बघितलं आहे, कारण ते पैसे कुणाचेच नव्हते. इथे बालविभागात एक ट्यूबलाइट लावायची होती. कार्यकारी मंडळाच्या दोन सभा झाल्या. पहिल्या सभेत जुनी खरोखरच गेली आहे का, याची पाहणी करायला तिघांची उपसमिती नेमली.

वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. वाचनालय खरं चालतं ते तिच्यावर. पन्नास मुलंमुली सकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात आणि खालचं एकही पुस्तक घेत नाहीत. त्यातल्या एकाला माझं पूर्वचरित्र कळलं. तो जिन्यावर थांबून म्हणाला, "सर, तुम्ही खरंच तिथून इथं आलात?" हो म्हटलं. तो दोन पायऱ्या वर गेला, परत खाली आला. "सर, कुणाला सांगू नका. आमचे घरचे म्हणतील, मग तिकडं जाताय कशाला?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. बायकोकडे होतं. रात्री हे सांगितलं तर ती कुकर लावता लावता म्हणाली, "त्याला सांग, आधी परीक्षा पास हो. म्हणजे तुझी बायको किंवा बहीण, कुणीतरी मनासारखं काम करायला मोकळं राहील." मग जरा थांबून म्हणाली, "तू खुशाल अर्थपूर्ण काम कर. माझं काम निरर्थक आहे, पण त्याला मेडिक्लेम आहे." अशा गोष्टी छापून येतात तेव्हा नोकरी सोडणाऱ्याचा फोटो असतो. त्याच घरात एक तारखेला कुणाच्या खात्यात पगार येतो, ते खाली लिहीत नाहीत. मी लिहून ठेवतो : तिच्या. कर्जवसुली विभाग. काम नावडतं.

माझ्या कामात हुशारी लागते अशी जागा एकच आहे. गावात एक आजी आहेत, वय ऐंशीच्या पुढे. दर गुरुवारी येतात, कादंबरी हवी असते आणि अट एकच : "ग्रंथपाल, शेवटी कुणी मरत नाही ना?" कुठल्याही यादीत, कुठल्याही दशांशात ही माहिती नाही. त्यामुळे कादंबरी आधी मला पुरी वाचावी लागते. चार पानं चाळून भागत नाही, कारण आपले लेखक शेवटच्या प्रकरणापर्यंत सगळ्यांना सुखरूप आणतात आणि मग एकाएकी आत्याला नेतात. मराठी कादंबरीवर या कारणाने इतकं बारकाईने संशोधन दुसऱ्या कुणी केलं नसेल. निष्कर्ष गंभीर आहे : ऐतिहासिक कादंबरी हातात घ्यायची सोय नाही, ग्रामीणमध्ये दुष्काळ असतो, कौटुंबिकमध्ये सासरे जातात. मागे मी एक पुरी तपासून, छातीठोकपणे दिली. आजी पुढच्या गुरुवारी आल्या आणि पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मांजर मेलं."

रविवारी हिंजवडीचे जुने सहकारी कधीकधी येतात. महाबळेश्वरला जाता जाता थांबतात, कपाटांवरून हात फिरवतात, ‘तू जिंकलास यार’ म्हणतात आणि आपणही असंच काहीतरी करावं म्हणतात. त्यांना आणि हे वाचून तसाच विचार करणाऱ्यांना सांगतो : आमच्याकडे ग्रंथपालाचं पद एकच आहे आणि ते भरलेलं आहे. सभासदत्व मात्र खुलं आहे. अनामत दोनशे, वर्गणी महिना चाळीस रुपये, सोमवारी बंद. आणि तुमच्या माहितीत एखादी मराठी कादंबरी असेल, जीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माणसं, गुरं, मांजरं सगळी जिवंत राहतात, तर तेवढी गुरुवारच्या आत कळवा. आमच्याकडच्या संपल्या आहेत.