आधी बॅटरी घे

मजकुराच्या खेळात बघण्यासारखं काही नसतं. पडद्यावर चार ओळी उमटतात: तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, समोर हे आहे, उत्तरेला ते आहे. खाली ठिपका लुकलुकत राहतो. मग आपण लिहायचं, ‘दार उघड’, ‘दिवा घे’, ‘उत्तरेला जा’. खेळ ते वाचतो आणि बहुतेक वेळा नाही म्हणतो. तसं करता येत नाही. तसलं इथे काही दिसत नाही. दाराला कुलूप आहे. जाणकार याला इंटरॲक्टिव्ह फिक्शन म्हणतात. मी बराच काळ या नकारांच्या संगतीत काढल्यामुळे माझं एक मत पक्कं झालंय: खेळाची परीक्षा तो हो कधी म्हणतो यावर करू नये, नाही कसा म्हणतो यावर करावी. वाईट खेळ कचेरीतल्या कारकुनासारखा असतो. अर्ज चुकलाय एवढंच सांगतो. कुठे, ते विचारायला गेलं तर जेवणाची सुट्टी. ‘खिडकी फोड’ म्हटलं तर त्याला कळत नाही, ‘काच फोड’ म्हटलं की मुकाट फोडतो. चांगला खेळही तुमचं काम अडवतो, पण अडवताना काहीतरी हातात ठेवतो.

न दिसणाऱ्या गोष्टींची पुणे जिल्ह्यातल्या आम्हा खोडदकरांना तशी सवय आहे. आमच्याकडे जगभरातले शास्त्रज्ञ येतात ती रेडिओ दुर्बीण म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांतल्या 14 जवळजवळ, गावाच्या अंगाला. उरलेल्या 16 तीन दिशांना पांगलेल्या, पार 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती इथे उभी केली, कारण इथे रेडिओलहरींचा गोंगाट कमी. पाहुणे येतात, मान वर करून विचारतात, ‘‘यातून शनीची कडी दिसते का हो?’’ नाही दिसत. काहीच दिसत नाही. ती ऐकते. पाहुण्यांचा चेहरा पडतो. माझ्या लॅपटॉपवर नुसती काळी-पांढरी अक्षरं बघून आमच्या नातेवाइकांचा पडतो, अगदी तसाच.

आबांचा मात्र पडला नाही. आबा म्हणजे माझे वडील. इंग्रजी येत नाही, संगणकाला हात लावत नाहीत, पण रात्री उसाला पाणी द्यायला जाण्याआधी तास-दीड तास रिकामा असतो. त्या वेळात मी ओळी मराठीत वाचून दाखवतो आणि ते खाटेवरून हुकूम सोडतात.

सुरुवात आम्ही मूळ पुरुषापासून केली. ‘ॲडव्हेंचर’ हा या सगळ्या कुळाचा आद्य खेळ. विल क्राउथर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरला गुहांमध्ये उतरायचा नाद. केंटकीतल्या मॅमथ केव्हचे नकाशे करण्यात त्याचा हात होता. 1975-76 च्या सुमारास, बायकोशी काडीमोड झाल्यावर, आपल्या मुलींना रमवायला म्हणून त्याने ती गुहा संगणकात उतरवली. पुढे 1977 मध्ये डॉन वुड्सने तीत आणखी खजिने, आणखी संकटं भरली. खेळ सुरू होतो एका विटांच्या छोट्या घरापाशी. आत किल्ल्या, खाऊ, पाण्याची बाटली आणि दिवा.

‘‘आधी बॅटरी घे,’’ आबा म्हणाले. ‘‘बाकी मागनं.’’

जगभरातले खेळाडू दिवा विसरून अंधारात खड्ड्यात पडून मेले आहेत. आमच्या जुन्नर-आंबेगावातला माणूस मरणार नाही. शेतीपंपाला वीज बऱ्याचदा रात्रीची, उसात बिबट्या. बॅटरीशिवाय इथे कुणी अंगणातसुद्धा उतरत नाही.

गुहेत पुढे एक पाखरू भेटतं. आपल्याकडे पिंजरा असतो, पण पाखरू जवळ गेलं की बिचकतं आणि हाती लागत नाही. खेळ इतकंच सांगतो की मघाशी ते घाबरलेलं नव्हतं, आता घाबरलंय. मी एकटा खेळलो होतो तेव्हा इथे डोकं आपटून घेतलं होतं. आबांनी विचारलं, ‘‘हातात काय काय हाय?’’

मी यादी वाचली. पिंजरा, दिवा, एक काळी काठी...

‘‘काठी घेऊन पाखरू धरायला निघालास? टाक ती.’’

टाकली. पाखरू पिंजऱ्यात. बघा, हा माझ्या मते पहिल्या दर्जाचा नकार. खेळाने अडवलं, पण का अडवलं ते डोळ्यांसमोर ठेवलं. पुढे मात्र आबा आणि खेळ यांचं बिनसलं. वाटेत मोठा साप आडवा येतो आणि तोडगा असा की पिंजऱ्यातलं पाखरू सोडायचं, ते सापाला पिटाळून लावतं. ‘‘मुंगूस असंल,’’ आबा म्हणाले. मी म्हटलं, नाही, पाखरूच. ‘‘मग त्या माणसानं साप बघितलेला नाही,’’ असा निकाल देऊन त्यांनी त्या रात्रीपुरता खेळ बंद करायला लावला.

ड्रॅगनने ती कसर भरून काढली. गालिच्यावर पसरलेला हा हिरवा राक्षस. ‘मार’ म्हटलं की खेळ विचारतो, कशाने? नुसत्या हाताने? मी मी म्हणणारे खेळाडू याला टोमणा समजतात, ओशाळतात आणि तलवार शोधत गुहाभर हिंडतात. आबा म्हणाले, ‘‘विचारतोय ना? मग हो म्हण की.’’ मी ‘हो’ लिहिलं. ड्रॅगन ठार. खेळाने अभिनंदन केलं आणि यावर विश्वास बसत नाही ना, असंही वर विचारलं. नकारासारखा दिसणारा हा प्रश्न म्हणजे क्राउथर-वुड्स जोडीची कमाल आहे. त्यांच्या सापाला मी या प्रश्नापायी माफ केलं, आबांनी नाही.

मग ‘झॉर्क’. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या चार पोरांनी ‘ॲडव्हेंचर’ खेळून झाल्यावर 1977 मध्ये, याहून भारी करू म्हणत हा खेळ रचायला घेतला. पुढे इन्फोकॉम कंपनीने तो विकला आणि खूप विकला. झॉर्कच्या अंधारात ग्रू नावाचं जनावर असतं. दिव्याशिवाय दोन पावलं टाकलीत की ते तुम्हाला खातं. उजेडाला भितं. दिवसाउजेडी त्याला कुणी कधी पाहिलेलं नाही, असं खेळच सांगतो.

‘‘मग खातं हे सांगितलं कुणी?’’ आबा.

यावर एमआयटीकडेही उत्तर नसावं. तरी आबांनी ग्रूला गंभीरपणे घेतलं. वनखात्याला अर्ज करता येतो का, पिंजरा लागेल का, आत शेळी बांधावी लागेल ती कुणाची, अशी चौकशी झाली. मी ‘पिंजरा आण’ लिहिलं. झॉर्कने काही तो आणला नाही. बिबट्या निदान उसाच्या आडोशाने राहतो, त्याला पिल्लं होतात, तो शेळीसाठी येतो. ग्रूला नुसता अंधार पुरतो. माझं मत: भीती म्हणून ग्रू फसवा आहे, पण नियम म्हणून चोख. अंधारात जाऊ नका, एवढी एकच गोष्ट तो सांगतो आणि एकदाच सांगतो.

आबांचा सर्वात आवडता खेळ कुठला असेल? डग्लस ॲडम्सने स्टीव्ह मेरेट्स्कीबरोबर 1984 मध्ये केलेला ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’. ज्याच्या पायी जगभरातल्या खेळाडूंनी केस उपटले, तो. कारण सोपं आहे. नायक सकाळी उठतो तर दारात बुलडोझर. घर बायपासमध्ये गेलंय. आबा खाटेवर उठून बसले. ‘‘मोबदला किती दिला?’’ मी सांगितलं, खेळात ती सोय नाही. बुलडोझरसमोर आडवं पडायचं. ‘‘बरोबर हाय,’’ आबा म्हणाले. पुणे-नाशिक रस्त्याचे बायपास पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. थोड्या वेळाने अख्खी पृथ्वीच अंतराळातल्या बायपाससाठी पाडली जाते, तेव्हा मात्र आमच्या गावचा अभिमान जागा झाला. आमच्याकडे उलटं आहे. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी दुर्बिणीला अडचण नको म्हणून बदलावी लागली. आकाशासाठी रूळ वाकले, हे ॲडम्सला सुचलं नसतं.

याच खेळात नकाराचा कळस आहे. यानातल्या एका दालनात जायला निघालं की खेळ विचारतो, नक्की जायचंय? अगदी नक्की? मग स्वतःच ठरवतो की तुम्हाला मनापासून जायचं नाही, आणि परत फिरवतो. पुन्हा पुन्हा हट्ट धरला की कुठे शेवटी आत सोडतो. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘अहो, रुखवताच्या वेळी तुमच्या आत्याबाई अशाच करत होत्या.’’

बायकोचा स्वतःचा खेळ एकच: एमिली शॉर्टचा ‘गॅलटिया’, 2000 सालचा. चौथऱ्यावर एक पुतळा, म्हणजे बोलणारी बाई. तिच्याशी गप्पा मारायच्या, बस. गप्पांवर शेवट ठरतो आणि शेवट पुष्कळ आहेत. मी तिला कलाकाराबद्दल, संगमरवराबद्दल विचारत राहिलो. तिचं माझ्याशी फारसं जमलं नाही. बायकोने तिच्याकडून अशा गोष्टी काढून घेतल्या की मी थक्क झालो. त्या काय, हे ती मला सांगत नाही.

आताचे बरेच खेळ लिहायचे नसतात, बोट लावायचे असतात. तीन पर्याय, एक निवडा, पुढे चला. 2009 मध्ये क्रिस क्लिमसने ‘ट्वाइन’ हे साधन फुकट दिलं आणि कुणालाही असे खेळ करता यायला लागले. माझी तक्रार ही की यांत कुणी नाहीच म्हणत नाही. ‘एटी डेज’सारखा देखणा, हुशार खेळ सोडला तर तिन्ही दारं शेवटी एकाच बोळात उघडतात. निवडणुकीचा अनुभव मला पुरेसा आहे.

माझी पुतणी नववीत आहे. काकांचं मत खोडून काढायला म्हणून तिने 28 फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आधी ट्वाइनमध्ये एक खेळ केला. तुम्ही एसटीतून खोडदला उतरता. दुर्बीण बघायची की वडापाव खायचा? मी वडापाव निवडला. खेळ म्हणाला, सगळे हेच करतात, आता चला. आवाराच्या दारावर पहारेकरी: मोबाइल बंद करा. हा नियम खराच आहे, आमच्या दुर्बिणीला तुमचा फोन आकाशातल्या कुठल्याही आकाशगंगेपेक्षा जोरात ऐकू येतो. पर्याय तीन. बंद करतो. सायलेंटवर ठेवतो. माझ्याकडे मोबाइलच नाही.

आबांनी तिसरा निवडला. खेळाने विचारलं, ‘‘मग हे कशावर वाचताय?’’ आणि त्यांना सरळ नारायणगावच्या स्टँडवर नेऊन सोडलं.

आबा खूप वेळ हसले. मग त्यांनी नातीला बोलावून सांगितलं की पहारेकऱ्याशी हुज्जत घालायचा चौथा पर्याय टाक, त्याशिवाय गावात हा खेळ चालायचा नाही.