घरशाळा चालवण्याच्या सात सूचना

डहाणू-तलासरी परिसरात घरशाळा उघडू पाहणाऱ्या पालकांसाठी ही मार्गदर्शिका तयार केली आहे. प्रस्तुत लेखकास या क्षेत्राचा दीड वर्षाचा अनुभव असून पटसंख्या दोन आहे. पैकी थोरली दहा वर्षांची, धाकटा सात वर्षांचा. गळतीचे प्रमाण शून्य, कारण वाडीच्या फाटकाला कडी आहे.

सूचना 1 : वेळापत्रक. चार रंगांच्या पेनांनी आखावे. सकाळी 8 वाजता गणित, 9.40 ला परिसर अभ्यास, 12 वाजता जेवणाची सुट्टी. भिंतीवर चिकटवून झाले की एकदा समुद्राला दाखवून आणावे. बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतके आत जाते की त्यामागे धावलेली पोरे ठिपक्यांएवढी दिसतात. आणि ही ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. सोमवारी गणिताच्या तासाला आलेली ओहोटी बुधवारी परिसर अभ्यासात घुसते आणि शनिवारी जेवणाची सुट्टी खाते. अशा वेळी समुद्राला शिस्त लावण्याच्या भरीस पडू नये. पेनांची टोपणे लावून ठेवावीत.

सूचना 2 : अपूर्णांक. पोळीचे चार भाग करून शिकवावेत, असे सर्व पुस्तकांत सांगितले आहे. आम्ही आठवडाभर पोळ्या कापल्या. त्या आठवड्यात घरात कुणाच्या ताटात अखंड पोळी पडली नाही, आणि ‘पाऊण’ म्हटले की थोरली भाजी मागायची. आठव्या दिवशी किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या मावशींनी तिला विचारले, “आज तिथी कोणती गं?”

“अष्टमी.”

“तिची पाऊणपट कर.”

थोरलीने वाळूत आठ रेघा ओढल्या, दोन पुसल्या. “सहा.”

“सहाच्या सुमाराला पाणी पुरतं भरेल. चपला उचल तुझ्या.”

चपला बापाच्या होत्या. त्या सहाच्या सुमारास गेल्या. धडा मात्र पक्का झाला.

सूचना 3 : कला. मुंबईहून चालणाऱ्या ‘वारली चित्रकला : सहा सत्रे’ या ऑनलाइन वर्गात आगाऊ पैसे भरून नाव घालावे. गेरूचा रंग कुरियरने मागवावा. ज्यांच्या चित्रांनी वारली कला जगभर नेली आणि ज्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, ते जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे, ही माहिती तिसऱ्या सत्रात मिळते. त्याच सुमारास दोनशे पावलांवरच्या पाड्यात लग्न निघते आणि तिथल्या बाया तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहायला बसतात. हो, तिकडे ‘लिहितात’ म्हणतात. धाकटा तिथे तीन तास हूं की चूं न करता बसला होता. चौथ्या सत्राला तो गैरहजर असल्याबद्दल आम्हांला स्मरणपत्र आले.

सूचना 4 : भाषा. तलासरीवरून महामार्गाने आच्छाड नाक्याकडे जावे. मुलांना खिडकीशी बसवून पाट्या वाचायला लावाव्यात. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ उडाली की गुजरात आले, हा शोध धाकट्याने स्वतः लावला. मग त्याने घरी येऊन आपली शुद्धलेखनाची वही विनारेघेची लिहिली. विचारल्यावर म्हणाला, “हे पान सीमेपलीकडचं आहे.” यावर कोणत्याही शिक्षणशास्त्रात उत्तर नाही.

सूचना 5 : विज्ञान. ‘डहाणू-घोलवड चिकू’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे मुलांकडून पाठ करून घ्यावे. नंतर त्यांच्यासमोर ऐटीत एक चिकू तोडून दाखवावा. वाडीवर काम करणारे काका मग तो चिकू हातात घेतात, नखाने किंचित खरवडतात, आतला हिरवा रंग आणि हाताला लागलेला चीक सर्वांना दाखवतात आणि काही बोलत नाहीत. पालकांनीही काही बोलू नये.

सूचना 6 : नातेवाईक. हे डहाणू लोकलने रविवारी येतात. यांचा अभ्यासक्रम एका प्रश्नाचा : “कितवीत गं तू?” त्यांना दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, 17 नंबरचा फॉर्म आहे, असे सांगून पाहावे. उपयोग होत नाही. थोरली हल्ली “सहावीत” म्हणून मोकळी होते. धाकटा ‘सध्या चिकूत’ असल्याचे सांगतो. दोघांनाही शंभराची नोट मिळते, सबब दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत.

सूचना 7 : तात्त्विक बैठक. ही नसल्यास लोक आपल्याला आळशी समजतात. आमची बैठक फिनलंडची होती. दोन जाड पुस्तके वाचून झाल्यावर कळले की घरापासून हाकेच्या अंतरावर, बोर्डीत, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये हेच काम सुरू केले होते. मुले बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली. मॉन्टेसोरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने घेतली. पुढे 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मोठी मुले दिवसभर गुरांमागे असत. गुरे काही शाळेत येणार नाहीत, तेव्हा शिक्षकच कुरणात गेले. या शाळेचे नाव कुरणशाळा. म्हणजे गुरांमागे मुले, मुलांमागे शाळा.

इथे मार्गदर्शकाने किंचित खाली पाहावे. आमची मुले शाळेत जात नाहीत, ही आमची हौस आहे. त्या मुलांना गुरे सोडून शाळेत जाण्याची सोयच नव्हती. आमच्याकडे शाळा थाटायला भिंत होती, फळा होता, चार रंगांची पेने होती. फक्त मागून चालणारा माणूस नव्हता.

परिशिष्ट : हजेरीपट. पहिल्या दिवशी हौसेने आणलेला हा हजेरीपट परवा फडताळात सापडला. मुलांनी तो इमानाने भरला होता. त्यांची नावे कुठेच नव्हती. पहिल्या ओळीत ‘आई’, दुसऱ्या ओळीत ‘बाबा’. माझ्या महिन्याभराच्या नोंदी अशा : फोनवर. फोनवर. ओरडले. झोपले. फोनवर. पोळ्या कापल्या. अष्टमीच्या चौकोनात तेवढे एकदाच, मोठ्या अक्षरांत : ‘हजर (चपला नाहीत)’.