दर मिनिटाला एक चिव

मार्च महिना, न्यू जर्सीतलं एक गाव, रात्रीचे दोन. मुलगी आणि जावई दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेले होते आणि घर आमच्यावर सोपवलेलं होतं. सोपवलेलं म्हणजे, "बाबा, तुम्ही कशालाही हात लावू नका," असं तीनदा बजावून. मला जाग आली ती एका आवाजाने. चिव. मग सगळं शांत. मिनिटभराने पुन्हा चिव.

"अहो, घरात पाखरू शिरलंय," ही म्हणाली.

पक्ष्यांमधलं मला कावळा, चिमणी आणि कबुतर एवढंच कळतं. पण बायकोने विचारलं आणि मी 'माहीत नाही' म्हणालो, असं बत्तीस वर्षांत एकदाही घडलेलं नाही. आदल्याच दिवशी एका माहितीपत्रकात वाचलं होतं, ते ठोकून दिलं. "गोल्डफिंच. या राज्याचा पक्षी आहे तो, १९३५ पासून."

"दर मिनिटाला एकदाच कसं हो बोलतं?"

"मोजकं बोलतं."

"मग तुमच्या नात्यातलं नाही," असं म्हणून तिने कूस बदलली.

पाखराला बाहेर जाता यावं म्हणून मी दोन खिडक्या उघडल्या. बाहेर बर्फ साचलेला होता. जिन्याच्या कठड्याजवळ वाटीत तांदूळ ठेवले. सकाळी बघतो तर तांदूळ जसेच्या तसे, ही दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून बसलेली, आणि चिव चालूच.

फ्रिजवर गावातल्या वाचनालयाचं एक कार्ड चिकटवलेलं होतं. काहीही प्रश्न असो, या नंबरवर मेसेज करा, ग्रंथपाल उत्तर देतील. मी ठाण्याचा. आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मी तिथला जुना सभासद. पण ग्रंथपालांना पुस्तक सोडून आणखी काही विचारायचं असतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. अमेरिकेत मात्र टेलिफोनवरून अशी उत्तरं देण्याची रीत जुनी आहे, आणि २००५ च्या सुमारास ती मेसेजवरही आली.

मी मेसेज लिहायला घेतला. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु ब्रिंग टु युअर काइंड नोटीस दॅट' इथवर आलो आणि थांबून अक्षरं मोजली. एका मेसेजात इंग्रजी अक्षरं मावतात १६०, त्यातली ८० नुसत्या आदरात गेलेली. (मराठीत लिहिलं असतं तर ७० च मावली असती, म्हणजे आदरसुद्धा अर्धवट राहिला असता.) शेवटी आदर खोडला आणि विचारलं: न्यू जर्सीत घरात शिरून दर मिनिटाला एकदा ओरडणारा पक्षी कोणता?

पाच मिनिटांत फोन वाजला. उत्तर नव्हतं, उलट प्रश्न होते. आवाज घरातूनच येतो का? रात्रीही येतो का? दोन आवाजांमध्ये नेमका किती वेळ जातो?

मला जरा रागच आला. अर्ज केला की शेरा मारून परत पाठवण्याची ही कला माझी, ती माझ्यावरच? पण घड्याळ घेऊन जिन्यात बसलो. बारा चिव, बारा मिनिटं. तसा तक्ताच करून पाठवला, खाली 'आपला विश्वासू' घालून.

मग उत्तर आलं. 'कृपया वर छताकडे बघा. पांढरं गोल यंत्र दिसतं का?'

दिसलं. दोन आठवडे मी त्याच्याखालून जा-ये करत होतो.

'तो धुराचा गजर आहे. बॅटरी संपत आली की असा आवाज करतो. नवी घाला, बहुधा नऊ व्होल्टची लागेल.' मागोमाग आणखी एक मेसेज: 'थंडीत बॅटरी आणखी मंदावते. खोली गार आहे का?'

मी उघड्या खिडक्यांकडे पाहिलं. खोलीत माझ्या तोंडातून वाफ निघत होती. म्हणजे पाखराची सोय म्हणून मी रात्रभर जे केलं, त्यानेच पाखराला जोर आला होता.

आपल्याकडच्या रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालाचा वेळ वाचवा, असा नियम त्या पाचांत नाही, हे माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. तिने वाटी पाहिली, तांदूळ पाहिले, आईकडे पाहिलं. आईने सगळं सांगितलं, पदरचं थोडं घालून. हसून झाल्यावर मुलीने माझी समजूत घातली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जुन्या प्रश्नांच्या चिठ्ठ्यांची एक पेटी सापडली होती म्हणे. १९४४ साली कुणीतरी विचारलं होतं की ऑक्टोपस घरात पाळता येतो का. १९४७ साली कुणाच्या तरी स्वप्नात हत्ती पाठलाग करत होता, त्याला अर्थ हवा होता. मला बरं वाटलं. पण ऑक्टोपसवाल्याला आपण ऑक्टोपसबद्दल विचारतोय एवढं तरी माहीत होतं.

"आणि तो गोल्डफिंच?" हिने विचारलं.

"तो या राज्याचा पक्षी आहे," मी म्हणालो. "१९३५ पासून."

वाटीतले तांदूळ अंगणात टाकले, ते खारीने खाल्ले. तुम्हीही मुलांकडे तिकडे जाणार असाल तर एवढं करा. गेल्या गेल्या एक चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी आणून ठेवा. मेतकूट तिकडे कुठल्याही देशी दुकानात मिळतं, रात्री दोन वाजता बॅटरी मिळत नाही.