उशिरा आणि कमी दाबाने

कृतज्ञता ही महापालिकेच्या पाण्यासारखी असते. ती उशिरा आणि कमी दाबाने येते. पुण्यात राहणाऱ्याला हे शब्द शुभंकरोतीसारखे पाठ असतात: गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल, नागरिकांनी सहकार्य करावे. मीही नागरिकच असल्यामुळे सहकार्य करतो, म्हणजे बादल्या, पातेली आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला काचेचा जग भरून ठेवतो आणि मग मोकळ्या मनाने महापालिकेला नावं ठेवतो. पण एखादा आठवडा असा येतो की कामाच्या मावशी गावाला गेलेल्या असतात, लिफ्ट रुसलेली असते, नेट येतं-जातं, गॅसचा नंबर लावूनही सिलिंडर दारात येत नाही आणि या सगळ्यावर गुरुवार येऊन बसतो. ‘आपलं कुणावाचून अडत नाही’ हे माझं लाडकं वाक्य आहे. त्याची मुदत अशा आठवड्यात नेमकी कळते. गच्चीवरची टाकी संपेपर्यंत ते खरं असतं.

शुक्रवारी नळ खोकतो, आधी हवा, मग गढूळ आणि मग स्वच्छ पाणी येतं, आणि माझ्यासारख्या माणसाला एकदम संतपण प्राप्त होतं. पाणी म्हणजे जीवन, छोट्या गोष्टींतला आनंद वगैरे सुचायला लागतं. पहिली आंघोळ होईपर्यंत ते टिकतं. माझं म्हणणं असं की ही कृतज्ञता नव्हेच, ही नुसती सुटका आहे. दाढ दुखायची थांबली म्हणून कुणी दाढेचे आभार मानत नाही. खरी कृतज्ञता बिघाड दुरुस्त झाल्याची नसते, न झालेल्या बिघाडाची असते, आणि ती जमणं फार अवघड, कारण न झालेली गोष्ट दिसत नाही. 30 आणि 31 जुलै 2012 ला देशाच्या उत्तरेकडची वीज यंत्रणा लागोपाठ दोन दिवस कोसळली, दुसऱ्या दिवशी पूर्वेकडचीही, कोट्यवधी लोक अंधारात गेले, रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या. पश्चिमेकडची यंत्रणा तगली. म्हणजे त्या दोन्ही दिवशी महाराष्ट्रात पंखे फिरत होते, आणि त्यांच्याखाली बसून आपण दिल्लीकरांची कीव करत होतो. आपला पंखा फिरत ठेवण्यासाठी कुठल्या तरी नियंत्रण कक्षात कुणी तरी घाम पुसत असेल, हा विचार किती जणांना शिवला? उलट 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, तेव्हा मात्र वीज कंपन्यांची नावं सगळ्यांना तोंडपाठ झाली.

आता गुरुवारच का, याचं उत्तर सांगण्याचा मोह मला आवरत नाही. पुणे-पिंपरीकडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी विजेची मागणी उतरते, म्हणून वीजवाहिन्यांची देखभाल गुरुवारी. पाण्याचे पंप विजेवर चालणार, म्हणून जलकेंद्रांची कामंही साहजिकच त्याच वारी. आणि पाण्याचा विषय निघाला की पुणेकर कात्रजला गेल्याशिवाय राहत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधला गेला. पंप नाही, मोटार नाही, सगळं काम उतारावर. तलावात गाळ खाली बसायचा, निवळलेलं पाणी पुढे जायचं आणि पेठापेठांतल्या हौदांत पडायचं. फडके हौद, काळा हौद ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगता येतात, हौद मात्र सहज दाखवता येत नाहीत. ही माहिती देताना आवाजाला एक विशिष्ट धार येते. तो नळ जणू आपण स्वतः खणला आणि पेशव्यांनी फक्त पैसे दिले, असा तो आवाज असतो. घरात हात धुवायला तांब्याभर पाणी नसताना तर ती धार आणखी वाढते. पण या सगळ्या अभिमानात ‘उच्छ्वास’ राहून जातात. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी बांधून काढलेली ही तोंडं, हवा खेळावी आणि माणसाला आत उतरून नळाची निगा राखता यावी म्हणून. म्हणजे बांधणाऱ्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं की गाळ साचणार, दगड निखळणार, कुणाला तरी खाली उतरावं लागणार. बांधवून घेणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे. उतरणाऱ्यांपैकी एकाचंही माहीत नाही. अडीच-पावणेतीनशे वर्षांत या बाबतीत आपली प्रगती शून्य आहे.

आणि पुण्याने तरी हे विसरू नये. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं. पेठांमध्ये पाणी शिरलं आणि नळातलं पाणी गेलं. आदल्या रात्री पानशेतच्या कच्च्या धरणावर जवान वाळूची पोती रचत होते. धरण वाचलं नाही. पण त्या पोत्यांनी मिळवलेल्या काही तासांमुळे लोंढा शहरात पोचला तेव्हा दिवस उजाडलेला होता, आणि हजारो लोकांना पळायला वाट दिसली. त्या पोत्यांचे आभार आपण कोणत्या नावाने मानणार आहोत?

यावर माझ्यातलाच एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणतो, आभार कसले? आम्ही बिल भरतो, घरपट्टी भरतो, ती तारखेच्या आधी भरून सवलतही घेतो. मुद्दा बिनतोड आहे. पण बिलात युनिटचा दर असतो, खांबावरच्या माणसाच्या जिवाचा रकाना नसतो. लाइनमन वर चढण्याआधी वाहिनी बंद करून घेतो, परवाना घेतो, तारा जमिनीशी जोडतो. एवढं करूनही एक धोका उरतो, आणि तो आपण पुरवतो. चेंजओव्हर स्विच न बसवता कुणी घरचा जनरेटर चालू केला, तर त्याची वीज उलटी त्या ‘बंद’ तारेत जाऊ शकते. आपल्याला मालिकेचा भाग चुकवायचा नसतो आणि तिकडे एक माणूस तारेला हात लावून असतो. रविवारी रुळांच्या देखभालीसाठी लोकलचा मेगाब्लॉक जाहीर झाला की ‘यांना सुट्टीचाच दिवस सापडतो’ असं आपण म्हणतो. खरंच आहे, सापडतो, कारण सोमवारी त्या रुळांवरून आपल्याला जायचं असतं. हातोडी-पाना घेऊन रोज रूळ चालत तपासणाऱ्या की-मनला तर रविवारचंही कौतुक नाही.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो मला मान्य आहे. कृतज्ञतेचे धडे नेहमी टाकीवाला माणूसच देतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ‘आहे त्यात समाधान मान’ म्हणणं हा निव्वळ निर्लज्जपणा. तिचा राग हाच तिचा हक्क आहे, आणि वरिष्ठांचा नाकर्तेपणा झाकायला कृतज्ञतेची चादर कुणी पांघरू नये. पण म्हणूनच माझा हिशेब वेगळा आहे. तक्रार वरच्या मजल्यावर जावी आणि आभार खांबावर, चेंबरमध्ये, रुळांवर जावेत. आपण करतो नेमकं उलटं. नियोजन चुकवणाऱ्या साहेबांसमोर ‘सर, जरा बघा ना’, आणि पाणी सोडायला आलेल्या चावीवाल्यावर मात्र सगळी वाघनखं बाहेर. माझ्यासारख्या भिडस्त माणसाचं शौर्य तर केवळ अशाच लोकांसाठी राखीव असतं, कारण ते उलटून बोलत नाहीत आणि बोलले तर आपण तक्रार करू शकतो.

कृतज्ञतेच्या वह्या हल्ली बाजारात मिळतात, रोज रात्री तीन ओळी लिहायच्या. त्या वहीत सूर्योदय, चहा आणि कुटुंब यांची गर्दी असते. चावीवाल्याला तिथे जागा नाही, कारण त्याचं नाव विचारावं लागतं. तेव्हा वही राहू द्या. येत्या गुरुवारी तुमच्या गल्लीतल्या खांबावर कुणी चढलेला दिसला तर खालून ‘अजून किती वेळ?’ विचारू नका. तो उतरला की नाव विचारा आणि पाणी द्या. ते बुधवारी रात्रीच भरून ठेवा.