आमच्या घरातलं गुप्त मतदान

निफाड तालुक्यातल्या आमच्या घरात दोन गोष्टी पोरांना विचारून ठरत नाहीत: कुलदैवत कोणतं आणि मत कोणाला. मतदार यादीत माझं नाव आलं, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलं. समजायचं ते मी समजलो.

ही रीत आजीपासूनची. तिला अक्षरओळख नव्हती, चित्रओळख पक्की होती. बैलजोडी दिसली की शिक्का. बैल दारात, बैल मतपत्रिकेवर, मग विचार करायचा तो कशाचा? १९६९ साली काँग्रेस फुटली आणि १९७१च्या निवडणुकीत बैलजोडीच्या जागी गाय-वासरू आलं. आजी हातात शिक्का धरून बराच वेळ आडोशाला उभी राहिली होती म्हणे. बाहेर येऊन तिने आजोबांना विचारलं, "बैलं इकली का वो त्यांनी?" पुढे पंजा आला तेव्हा म्हणाली, "गाय गेली, वासरू गेलं, ऱ्हायला रिकामा हात." तरी शिक्का तिने त्या हातावरच मारला. सोयरा अडचणीत आला म्हणून त्याचा उंबरा सोडायचा नसतो, एवढंच तिचं राजकारण.

ही वहिवाट अण्णांनी मोडली, आणि ती कांद्यापायी. १९८० हे साल मला मोठं मिस्कील वाटतं. जानेवारीतल्या लोकसभेच्या प्रचारात दिल्लीकडे कांदा महागल्याची बोंब होती, आणि नोव्हेंबरात तोच कांदा मातीमोल जातो म्हणून नाशिक जिल्ह्यातले शेतकरी शरद जोशींच्या मागे रस्त्यावर बसले होते. त्यांत बावीस वर्षांचे आमचे अण्णा. छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून ते तुरुंगात गेले आणि घरी आले ते पंजा सोडूनच. आजोबा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. आजीने मात्र तो बिल्ला चिंचेने घासून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. देव कोणता ते कळत नसलं तरी हळदकुंकू वाहून ठेवावं, नुकसान नाही, असं तिचं धोरण.

बंडखोराच्या घरातही पुढे वहिवाटच होते. अण्णा यथावकाश कमळाकडे वळले, आणि २०१४नंतर आम्हा भावंडांना आमचं मत काय हे पुन्हा एकदा न विचारता कळलं. ते असंच चालू राहिलं असतं. पण डिसेंबर २०२३मध्ये ऐन लाल कांद्याच्या हंगामात निर्यातबंदी आली. लिलावात ट्रॉली उभी करून अण्णा परत आले ते थेट ओट्यावर बसले. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हिशोबपट्टीवर जो आकडा उरला होता, तो त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग पट्टीची घडी करून ती मतदार कार्डाच्या पाकिटात सारली. गवताच्या पेंढीत कोयता खोचून ठेवावा तशी.

४ मेला निर्यातबंदी उठली; टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क मात्र मागे राहिलं. २० मेला आमचं मतदान. रांगेत कोणी कोणाला काही विचारत नव्हतं, पण सगळ्यांच्या खिशाला जड पाकीट असल्यासारखं वाटत होतं. आमच्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय मंत्री पडल्या आणि भास्कर भगरे नावाचे शिक्षक लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. गंमत पुढेच आहे. त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. दुसरे एक अपक्ष भगरे नुसती तुतारी घेऊन उभे होते, त्यांनाही लाखावर मतं पडली. आजी असती तर म्हणाली असती, "वाजविणारा आन् वाजंत्री येगळे कवापास्नं झाले?"

मला वाटलं, आता कांदाच आमचा पक्ष. पण बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं आणि जिल्ह्यातल्या १५पैकी १४ जागा महायुतीने नेल्या. अण्णा टीव्हीसमोर मान हलवत बसले. "लोकांची स्मृती फार कमी," असं म्हणून त्यांनी आईकडे पाहिलं. आई चुलीपुढे निवांत भाकरी थापत होती. लाडकी बहीण योजनेचे जुलैपासूनचे पाच हप्ते, साडेसात हजार रुपये, लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या नावावर, तिच्या एकटीच्या खात्यात आले होते. ती म्हणाली, "मत गुपित असतं ना? तुम्हीच सांगितलं होतं." चाळीस वर्षांत तिने त्यांना एवढं लांब उत्तर दिलेलं मला आठवत नाही.

मी तिला एकटीला गाठून विचारलं, पैशांचं काय केलंस? तिने मागच्या खोलीत नेऊन कोपऱ्यातली पिशवी दाखवली. उन्हाळ कांद्याचं बी होतं.