सैतानाचा चोख कारभार

भयरॉक संगीताने संस्कृती बुडवली म्हणणाऱ्यांनी पुरावा पाहावा. रॉक गायक अ‍ॅलिस कूपर 1970च्या दशकापासून मंचावर गिलोटिनखाली मुंडके उडवून घेतात आणि एरवी गोल्फ खेळतात. मरणात इतका नियमितपणा सरकारी खात्यालाही जमलेला नाही. गायक ऑझी ऑस्बोर्न यांनी 1982 मध्ये मंचावर रबरी समजून खऱ्या वटवाघळाचे डोके चावले, मग रेबीजची इंजेक्शने घेतली आणि 2019 मध्ये डोके निघणारे कापडी वटवाघूळ विकायला काढले. तरुण बिघडतात म्हणावे, तर हॅलोविनच्या मैफलीला रक्तबंबाळ प्रेते तिकीट हातात धरून रांगेत निमूट उभी असतात. ‘किस’ या रॉक बँडने तर चाहत्यांसाठी खरी शवपेटीही बाजारात आणली. तेव्हा पालकहो, आत्म्याची काळजी सोडा, तो सैतानाला नकोच आहे. क्रेडिट कार्ड तेवढे लपवून ठेवा.